टायमिंग पट्टा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुन्या पिकअप आणि छोट्या मालवाहू गाड्यांच्या टायमिंग बेल्टबद्दल आलेले प्रश्न या महिन्यात एकत्र घेतले आहेत. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (वॉल्व, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. गॅरेजमध्ये सगळे त्याला ‘पट्टा’ म्हणतात, इथेही तोच शब्द ठेवला आहे. अल्टरनेटरच्या बाहेरच्या पट्ट्याला मात्र ‘फॅनबेल्ट’ म्हटलं आहे, म्हणजे घोटाळा नको.

प्रश्न: जुना छोटा हत्ती घेतला आहे. 2009 चं मॉडेल, दोन सिलिंडरचं 702 सीसी डिझेल इंजिन. मीटरवर 1,38,000 किलोमीटर दिसतात, पण मध्ये वर्षभर मीटर बंद होतं म्हणे. पट्टा कधी बदलला याची नोंद नाही. आमचे मिस्त्री म्हणतात, वरचं कव्हर काढून बघू, चीर नसेल तर चालू द्या. रोज केळीचा माल असतो, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. काय करावं?
— केळी वाहतूकदार, सावदा

उत्तर: बदला, आणि पुढची मोठी भाडी घ्यायच्या आधी बदला. नोंद नसलेला पट्टा म्हणजे मुदत संपलेला पट्टा, असंच धरून चालायचं.

‘बघून ठरवू’ हा सल्ला मिस्त्री चांगल्या मनाने देत असतील, पण पट्ट्याचा जोर बाहेरून दिसतच नाही. ताण पेलतात ते रबराच्या पोटातले काचतंतूंचे बारीक दोर. रबर दात धरून ठेवतं आणि दोरांना झाकतं, एवढंच त्याचं काम. पूर्वीच्या निओप्रीनच्या पट्ट्यांना पाठीवर आणि दातांच्या मुळाशी चिरा पडत, त्यावरून अंदाज यायचा. आताचं रबर जास्त उष्णता सोसतं आणि शेवटपर्यंत गुळगुळीत दिसतं. चीर दिसली तर पट्टा गेलाच. चीर दिसली नाही, तर तो चांगला आहे असं मात्र ठरत नाही.

पट्टा तुटला की गाडी नुसती बंद पडून भागत नाही. या जातीच्या डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेची दाबणी, 20 पटींच्या वर असतं, त्यामुळे पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) मध्ये जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. कॅम थांबला, एखादा वॉल्व उघडा राहिला आणि खालून पिस्टन आला, की वॉल्व वाकतो. मग पट्ट्याच्या खर्चाऐवजी हेड उतरवायचा खर्च येतो आणि गाडी एका दिवसाऐवजी आठवडाभर उभी राहते.

मुदतीचं म्हणाल तर गाडीसोबतच्या सर्व्हिस पुस्तिकेतला आकडा पहिला. साधारणपणे अशा पट्ट्यांना 60,000 ते 1,00,000 किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं दिलेली असतात, दोन्हींपैकी जे आधी येईल ते. आपल्याकडे खालचा आकडा धरावा असं आमचं ठाम मत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा 44-45 अंशांवर जातो, इंजिन सीटखाली कोंडलेलं, माल क्षमतेच्या वर, आणि काळ्या मातीची बारीक धूळ फुटक्या कव्हरमधून आत. शिवाय मीटर किलोमीटर मोजतं, तास मोजत नाही. माल उतरवायच्या रांगेत 900 आरपीएमवर तासभर इंजिन चालू ठेवलं, तर क्रँक 54,000 फेरे मारतो आणि पट्टाही त्याच्यासोबत धावत असतो. मीटर मात्र जागचं हलत नाही.

सामान एकदाच घ्या: पट्टा, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली), आयडलर (पट्ट्याला वाट देणारी पुली) असल्यास तोही, क्रँकचं पुढचं ऑइल सील, कॅमचं ऑइल सील आणि फॅनबेल्ट. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही गॅसकेटसकट. पंप फॅनबेल्टवर असेल तर निदान शाफ्ट हलवून खेळ पाहा आणि खालच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपतंय का ते बघा. पट्टा नवा आणि टेन्शनरचं बेअरिंग जुनं ठेवलं, तर बेअरिंग अडकल्यावर नवा पट्टाही त्याच्यासोबत जाईल. कामाची मजुरी दोनदा देण्यापेक्षा बेअरिंग स्वस्त पडतं.

दुकानातून पट्टा घेताना चेसिस नंबर सांगा. जुना पट्टा शेजारी ठेवून दात मोजा, रुंदी जुळवा, दातांचा आकार (गोल की चौकट) जुळतो का बघा. दुकानात खिळ्याला टांगलेला किंवा घडी घालून रबरबँड लावलेला पट्टा घेऊ नका. तीव्र मोड बसला की आतले दोर तिथेच चिरतात, आणि असा पट्टा काही हजार किलोमीटरमध्ये त्याच जागी सरळ तुटतो.

प्रश्न: मी गॅरेज सुरू करून दोन वर्षं झाली. क्लच, ब्रेक, हेड गॅसकेट ही कामं करतो, पण टायमिंगचं काम आलं की दुसऱ्याकडे पाठवतो. स्वतः करायचं आहे. क्रमवार, कुठे चुकतं ते धरून सांगा.
— गॅरेजवाला, शिरपूर

उत्तर: काम अवघड नाही, घाईचं नाही. खुणा जुळवणं आणि शेवटी हाताने दोन फेरे मारणं या दोन गोष्टी सोडल्या नाहीत तर बाकी सगळं नट-बोल्ट उघडणं-लावणं आहे. इंजिनागणिक खुणांच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे त्या इंजिनाचं मॅन्युअल हाताशी असू द्या. खालचा क्रम बेल्टवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना लागू पडतो.

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं असलेलं. गरम इंजिन फुगलेलं असतं. त्यावर ताण बरोबर केला की थंड झाल्यावर पट्टा सैल पडतो. चाकांना दगड नाही, लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधा. कोणी चुकून सेल्फ मारला तर बोटं जातील. हीटर प्लग काढून ठेवा. कॉम्प्रेशन सुटल्याने क्रँक हाताने हलका फिरतो आणि पुढे कुठे अडकलं तर ते हाताला लगेच कळतं. प्लगच्या भोकांवर स्वच्छ कापड टाका, एखादा वॉशर आत पडला तर हेड उतरवावंच लागेल.

फॅनबेल्ट काढा, मग क्रँक पुलीचा मोठा बोल्ट. हा बोल्ट सगळ्यांना छळतो. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून एकाने ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि दुसऱ्याने लांब दांड्याने झटका द्यायचा, नाहीतर फ्लायव्हील अडवायचं योग्य हत्यार वापरायचं. पान्याचं टोक चेसिसला टेकवून सेल्फ मारायची जी युक्ती काही जण करतात, ती करू नका. पाना सटकला की हात मोडतो, आणि इंजिन चालू झालं तर पाना कुठे जाईल सांगता येत नाही. पुली हातोडीने ठोकू नका, पुलर लावा. काठ वाकला तर फॅनबेल्ट डोलत राहील.

पुली निघाल्यावर तिच्या आतली चावी (पुली शाफ्टवर अडवून धरणारा लोखंडी तुकडा) आणि खाच नीट पाहा. आधी कोणी बोल्ट कमी कसला असेल तर पुली चावीवर खेळत राहते, खाच रुंदावते आणि टायमिंग आपोआप सरकतं. अशा इंजिनात नवा पट्टा अगदी बरोबर बसवला तरी गाडी बिघडलेलीच वाटते आणि दोष पट्ट्याला दिला जातो.

कव्हरं काढल्यावर क्रँकचा बोल्ट हाताने परत लावा आणि त्याच्यावर पाना ठेवून इंजिन फिरवा. दिशा चालायचीच ठेवा. बहुतेक इंजिनं टायमिंगच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. उलट फिरवलं की ढिला भाग टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला येतो आणि जुना पट्टा दात सोडू शकतो. कॅमचा बोल्ट धरून इंजिन कधीच फिरवू नका. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी सर्वांत वर, म्हणजे टीडीसीवर आणा. क्रँकचा दोनदा फेरा झाला की कॅमचा एक होतो, म्हणून क्रँकची खूण जुळली तरी कॅम अर्ध्या फेऱ्याने चुकीचा असू शकतो. खात्री करायची ती पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही वॉल्वचे रॉकर (वॉल्व दाबणारे छोटे दांडे) सैल आहेत का हे पाहून. सैल असतील तर जागा बरोबर. एक दाबलेला असेल तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा मारा.

आता पांढऱ्या रंगाने क्रँक, कॅम आणि डिझेल पंपाची पुली पट्ट्यावर असेल तर तीही, अशा प्रत्येक पुलीच्या दातावर आणि पट्ट्याच्या त्याच दातावर खूण करा. कंपनीच्या खुणा असल्या तरी स्वतःच्या करा. जुन्या इंजिनात कधी दुसऱ्याच मॉडेलची पुली बसवलेली सापडते, तेव्हा याच खुणा वाचवतात. जुना पट्टा काढला की खुणांमधले दात मोजा, तेवढेच नव्या पट्ट्यावर मोजून रंगवा आणि तीनदा तपासा. लॉकिंग पिनांची भोकं असतील तर पिना घाला, पण पिन म्हणजे खूण धरायचं साधन, बोल्ट सोडवताना जोर झेलायचं नाही. पिन वाकली तर पुलीचं भोकही बिघडतं.

डिझेल पंपाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पंप ज्या बोल्टांनी इंजिनाला धरलेला आहे ते बोल्ट सोडू नका. त्या लांबट भोकांत पंप जरासा फिरला की इंजेक्शनची वेळ बदलते, मग डायल गेज लावून पंपवाल्याकडूनच ती बसवावी लागते. पट्ट्याच्या कामात त्याची गरज नसते.

टेन्शनर सैल करा, पट्टा काढा. काही वेळा वॉल्वच्या स्प्रिंगमुळे कॅम खटकन दोन-तीन दात फिरतो, बोटं जपा. पट्टा नसताना क्रँक किंवा कॅम वेगवेगळे फिरवू नका. कॅम सरकला आणि परत आणायचा असेल तर आधी क्रँक पाव फेरा मागे घ्या, म्हणजे पिस्टन टोकावरून खाली येतील. मग कॅम खुणेवर आणा आणि नंतर क्रँक परत टीडीसीवर आणा.

सीलं बदलायला पुली काढावी लागली तर तिची चावी आणि जागा जपून ठेवा. नवं सील बसवताना ओठावर इंजिन ऑइलचा हात फिरवा आणि त्याच मापाच्या पाइपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोका. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडला असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, त्याचा ओठ कोऱ्या जागेवर यायला हवा. हे केलं नाही तर महिन्याभरात पुन्हा तेल येतं. पुल्या, आतली बाजू आणि कव्हर कोरड्या कापडाने पुसून काढा.

नव्या पट्ट्यावर दिशेचा बाण असतो, तो फिरण्याच्या बाजूला ठेवा. बाण नसेल तर छापील अक्षरं वाचता येतील असा लावा. पट्टा क्रँकपासून चढवायला सुरुवात करा, ताठ बाजूने वर जा, तिथे जराही ढील ठेवू नका, पंप आणि कॅमवरून आणून टेन्शनरला शेवटी घ्या. ढील राहिलीच तर ती टेन्शनरच्या बाजूलाच हवी. पट्टा हाताने बसला पाहिजे. बसत नसेल तर टेन्शनर पुरता मागे गेलेला नाही किंवा पट्टाच चुकीचा आहे. स्क्रूड्रायव्हरने उचकून बसवला की काठाचे दोर तुटतात. ग्रीस, पावडर, आवाज जायचा स्प्रे, काहीही लावू नका.

ताण: स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्याचा बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगलाच पट्टा ओढू द्या, पिना काढून क्रँकचे दोन पूर्ण फेरे चालायच्या दिशेने मारा आणि मग बोल्ट कसा. हाताने दाबून स्प्रिंगला ‘मदत’ करू नका. फिरवून बसवायचा टेन्शनर असेल तर मॅन्युअलमधलं माप पाळा. सर्वांत लांब मोकळ्या भागावर पट्टा अंगठा आणि बोटाने चौथाई फेऱ्यापर्यंत, म्हणजे 90 अंश, जेमतेम पिळता यावा, ही जुनी कसोटी ढोबळ पडताळ्यापुरती ठीक आहे.

बोल्ट कसायला टॉर्क पाना वापरा. साध्या 8.8 छापाच्या 6 मिलिमीटर बोल्टला सुमारे 1 किलोग्रॅम-मीटर आणि 8 मिलिमीटरला 2 ते 2.5 किलोग्रॅम-मीटर पुरतात. अॅल्युमिनियममधल्या भोकांत यापेक्षा जास्त ओढलं की आटे निघतात. क्रँकचा बोल्ट मात्र फार जास्त लागतो, त्याचा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. तो ‘इतका टॉर्क आणि वर इतके अंश’ असा दिला असेल तर बोल्ट नवा लावा, जुना ताणलेला असतो.

आता पिना काढल्या का ते पाहा, मग हाताने पूर्ण दोन फेरे मारा आणि सगळ्या खुणा परत जुळतात का बघा. पट्ट्यावर रंगवलेल्या खुणा यावेळी जुळणार नाहीत, पुलींच्या खुणा जुळायला हव्यात. फिरवताना कुठे टक्कन अडलं तर जोर लावू नका, मागे घेऊन खुणा पुन्हा तपासा. खुणा जुळल्या की आणखी दोन फेरे मारा आणि ताण परत बघा. त्यानंतरच हीटर प्लग लावा आणि कव्हरं बसवा. कव्हरच्या फुटक्या कोपऱ्यातून खडी किंवा कापसाचे तंतू आत गेले की पट्टा आणि पुलीमध्ये अडकतात. तुकडा फुटला असेल तर कव्हर बदला.

चालू केल्यावर पाच मिनिटं नुसतं ऐका. थंड इंजिनावर एकसारखा बारीक सूर असेल तर पट्टा जास्त ओढलेला आहे. कव्हरला चटचट लागत असेल तर ढिला. तारीख आणि मीटरचा आकडा ऑइलपेंटने इंजिनाच्या कव्हरवर लिहून ठेवा. पुढच्या मालकालाही सावद्याच्या वाचकासारखा प्रश्न पडायला नको.

प्रश्न: पट्टा बदलून आणल्यापासून गाडी ओढत नाही. रिकामी ठीक, पण माल भरून लळिंग घाट चढताना दुसरा गिअर लागतो, काळा धूर येतो आणि खडखड आवाज. गॅरेजवाल्याने पंप थोडा फिरवून दिला, आवाज कमी झाला पण ओढ आली नाही.
— भाजीपाला वाहतूकदार, धुळे

उत्तर: एक दात चुकला असावा, आणि पंप फिरवून ती चूक झाकली गेली.

हिशेब असा: क्रँकच्या पुलीला समजा 20 दात आहेत. 360 भागिले 20 म्हणजे एक दात 18 अंशांचा. डिझेलचं इंजेक्शन टीडीसीच्या साधारण 10-15 अंश आधी सुरू होतं. तिथे 18 अंशांची चूक म्हणजे इंजेक्शन टीडीसीनंतर जाणार, नाहीतर 30 अंश आधी येणार. उशिरा गेलं तर पांढरा धूर, गरम होणं, ओढ नाही. आधी आलं तर कडक खडखडाट आणि पिस्टनवर मार. पंप बरोबर पण कॅम एक दात चुकला असेल तर वॉल्वची वेळ चुकते, हवा पुरेशी भरत नाही, त्यामुळे भाराखाली काळा धूर आणि कमी ताकद. तुमची लक्षणं कॅम चुकल्याची जास्त वाटतात.

करायचं एकच: कव्हर काढून टीडीसीवर खुणा पाहणं. एअर फिल्टर गच्च असेल तरी काळा धूर येतो, तो आधी पाहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. खुणा चुकल्या असतील तर पट्टा नव्याने बसवा आणि मग पंपवाल्याकडून पंपाची वेळ मापावर आणून घ्या, कारण फिरवलेला पंप आता दोन्ही बाजूंनी खोटं बोलतो. तोवर माल भरून घाट चढू नका. कॅम एक दात मागे-पुढे असताना वॉल्व पिस्टनच्या अगदी जवळून जातो, आणि घाट उतरताना इंजिन जास्त आरपीएमला गेलं तर तो टेकू शकतो.

प्रश्न: जामनेर रस्त्यावर गाडी धावता धावता बंद पडली. ड्रायव्हरने बराच वेळ सेल्फ मारला, मग चौघांनी धक्का दिला. मिस्त्री आले, कव्हर उघडून एवढंच बोलले, ‘पट्टा तुटी गया’. आता नवा पट्टा टाकून बघावा का? हेड उघडायचं टाळता येईल का?
— मालवाहतूकदार, जामनेर

उत्तर: नवा पट्टा टाकून सेल्फ मारू नका. धक्का आणि सेल्फने आधीच काही वॉल्व वाकले असतील तर आता बाकीचेही जातील. ड्रायव्हरांना एक गोष्ट सांगून ठेवा: चालती गाडी अचानक बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भिरभिर फिरतोय असं वाटलं, तर कॉम्प्रेशन गेलेलं आहे. तिथेच थांबायचं आणि गाडी न्यूट्रलमध्ये ओढून आणायची.

आधी तुटलेला पट्टा बघा, तोच कारण सांगतो. एकाच जागी सरळ तुटला असेल तर पट्टा कधीतरी मोडला गेला होता किंवा मध्ये काही अडकलं. काठ उसवून दोर लोंबत असतील तर पुली तिरपी आहे किंवा टेन्शनरचं बेअरिंग वाकडं चालतंय. तेलाने फुगून मऊ झाला असेल तर सील. आणि पट्टा अखंड पण एका टप्प्यातले दात साफ कापले गेले असतील तर काहीतरी जाम झालेलं आहे: वॉटर पंप, डिझेल पंप किंवा कॅम. एकेक पुली हाताने फिरवून बघा. जाम झालेली वस्तू शोधल्याशिवाय नवा पट्टा घातला तर तोही तसाच जाईल.

मग रॉकर कव्हर काढा. क्रँक पाव फेऱ्यावर ठेवून कॅम फिरवा आणि प्रत्येक वॉल्व बंद असताना त्याचा गॅप फिलर गेजने (पातळ पत्त्यांच्या मापाने) पाहा. एखाद्याचा गॅप एकदम मोठा निघाला तर तो वॉल्व वाकून पुरता वर येत नाहीये. तुटलेला रॉकर, सरकलेली टोपी, कॅमला तडा हेही इथेच दिसतं. सगळे गॅप ठीक वाटले तर मापात पट्टा बसवा, हाताने फेरे मारा आणि डिझेलच्या गेजने कॉम्प्रेशन मोजा. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, दाब त्याच्या पलीकडचा असतो. सगळे सिलिंडर सारखे आले तरच हेड वाचलं असं म्हणता येईल. तुमच्या वर्णनावरून ती आशा कमी आहे.

हेड उतरवलं तर हे राहू देऊ नका. वाकलेल्या वॉल्वच्या शेजारचे सरळ दिसणारे वॉल्वही लेथवर फिरवून बघा, केसभर वाकलेला वॉल्व डोळ्याला दिसत नाही. गाइड तडकलेले असतात, तेही पाहा. पिस्टनवर नुसता ओरखडा असेल तर चालतं, पण प्रत्येक पिस्टन टीडीसीला ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजा. एखादा कमी येत असेल तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला आहे. बऱ्याच डिझेल इंजिनांत हेड गॅसकेट वेगवेगळ्या जाडीची मिळते आणि काठावरच्या खाचांवरून ओळखता येते. जुनीवर जितक्या खाचा तितक्याच नवीवर हव्यात. हेड वाकडं म्हणून पॉलिश करून घेतलं तर वॉल्व आता किती आत बसतात ते मोजून घ्या. पॉलिशने ती खोली कमी होते, आणि नव्या पट्ट्यावरसुद्धा वॉल्व पिस्टनला लागायला लागतात. वॉल्व बसवल्यावर हेड पोर्ट वर येतील असं कडेवर ठेवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता, दहा मिनिटांत वॉल्वच्या काठाने झिरपलं तर पुन्हा लॅपिंग, म्हणजे वॉल्व त्याच्या बैठकीत घासून बसवणं.

प्रश्न: सहा महिन्यांत दोनदा क्रँकचं सील बदललं, तरी पट्ट्यावर तेल येतं. पट्टा पेट्रोलने पुसून परत लावला तर चालेल का?
— वाचक, अमळनेर

उत्तर: चालणार नाही. तेल रबरात मुरतं, पेट्रोल ते आणखी फुगवतं आणि दात मुळापासून सुटतात. तेल लागलेला पट्टा बदलायचाच.

सील मात्र पुन्हा पुन्हा का जातं ते बघा. शाफ्टवर चर आहे का, हे वर सांगितलं आहे. तो नसेल तर ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी, नळी काढून बघा. जुन्या इंजिनात रिंगा झिजल्या की ज्वलनाचा गॅस खाली उतरतो, ब्रीदर काजळीने तुंबलेला असला तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि सगळ्यात कच्च्या सीलमधून तेल बाहेर फेकलं जातं. ऑइल भरायची टोपी काढून इंजिन चालू ठेवा. तिथून धूर भकाभक येत असेल तर दोष सीलचा नाही, रिंगांचा आहे, आणि ब्रीदर साफ केल्याने थोडे महिनेच निघतील.

प्रश्न: माझी मोठी जुनी पिकअप आहे, 1 लाखाच्या पुढे गेली. मी पट्टा बदलायला नेली तर मिस्त्री म्हणाले, हिला पट्टाच नाही. खरं आहे का?
— मिरची व्यापारी, दोंडाईचा

उत्तर: खरं असू शकतं. मोठ्या पिकअपच्या अनेक जुन्या डिझेल इंजिनांत टायमिंग गिअर किंवा चेन असते आणि ती ऑइलमध्येच फिरते. ओळख सोपी आहे. इंजिनाच्या समोरचं टायमिंग कव्हर प्लॅस्टिक किंवा पातळ पत्र्याचं, दोन तुकड्यांत असेल तर आत बहुधा पट्टा असतो. ओतीव अॅल्युमिनियमचं, गॅसकेट लावून तेलबंद केलेलं असेल तर गिअर किंवा चेन. तिला ठरलेल्या किलोमीटरला बदलायची गरज नसते, पण ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात चेन लांबते आणि थंड असताना समोरून साखळीसारखा खळखळाट येतो. तसा आवाज असेल तर चेन, तिचा टेन्शनर आणि गाइड बघून घ्या.

प्रश्न: आमच्या जुन्या क्वालिसमध्ये मीटरवर ‘टी-बेल्ट’चा दिवा लागला आहे. एका मिस्त्रीने तो बंद करून दिला. पट्टा ठीक आहे असं समजायचं का?
— वाचक, चाळीसगाव

उत्तर: नाही. तो दिवा पट्टा तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. ठरलेला टप्पा, म्हणजे 1 लाख किलोमीटर, भरला की तो लागतो. तो बंद करता येतो, पण ते काम पट्टा बदलल्यानंतर करायचं. मध्ये कधी जुन्या बाजारातून दुसरं मीटर बसवलं असेल तर तो दिवा कोणत्या गाडीचे किलोमीटर मोजत होता हेही सांगता येत नाही. या डिझेल इंजिनात डिझेल पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे बदलताना कॅम, पंप आणि क्रँक या तिन्ही खुणा जुळवून घ्या. कन्नड घाट चढायच्या आधी काम उरकून घ्या, घाटात पट्टा तुटला तर इंजिनासोबत ब्रेकला मिळणारा व्हॅक्यूमही बंद होतो आणि पेडल कडक लागतं.